जुन्या घरातील अर्थिंग आणि पूर्णेची काळी जमीन

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वेच्या आधाराने वाढलेले गाव. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा आणि हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जाणारा असे दोन लोहमार्ग येथे एकत्र येतात. नवी वसाहत मागे टाकून जुन्या वस्तीत शिरले, की माळवदाची घरे, दगड-मातीच्या रुंद भिंती, सागवानी तुळया आणि त्यांना लागून पुढे कधीतरी उभारलेल्या पत्र्याच्या खोल्या असे संमिश्र दृश्य दिसते. यांतील कितीतरी घरे बांधली गेली तेव्हा विजेचा विचारच कोणाच्या मनात नव्हता. वीज नंतर आली, आणि आली तीही दोन दिवे व एखादा पंखा एवढ्यापुरती. आज त्याच तारांवर फ्रीज, कूलर, पाण्याची मोटार, इस्त्री आणि धुलाई यंत्र चालते.

अशा घरातील बोर्डावर तीन छिद्रांचे सॉकेट असते. खालची दोन छिद्रे फेज आणि न्यूट्रलची, वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे. सॉकेट उघडून पाहिले तर पुष्कळदा या वरच्या छिद्रामागे तारच आढळत नाही. काही ठिकाणी तार असते, पण ती जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि काही ठिकाणी ती अशा जागी जोडलेली असते की नसती तर बरे, असे म्हणावे लागते. उपकरण मात्र व्यवस्थित चालते. अर्थिंग नसल्याने दिवा मंद होत नाही की पंखा हळू फिरत नाही. त्यामुळे ही उणीव वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही, आणि ध्यानात येते तेव्हा कोणाला तरी झटका बसलेला असतो.

तिसऱ्या तारेचे काम

अर्थिंगला पारिभाषिक मराठीत भूसंपर्कन म्हणतात. उपकरणाचे धातूचे बाह्यांग एका स्वतंत्र तारेने जमिनीशी जोडून ठेवणे, इतकाच त्याचा अर्थ. फेज तारेतून वीज येते, न्यूट्रल तारेतून परत जाते. अर्थिंगच्या तारेतून एरवी काहीही वाहत नाही. कूलरच्या पंपाचे आवरण झिजले, इस्त्रीतील तार तुटून पत्र्याला टेकली किंवा फ्रीजच्या मागची वायर उंदराने कुरतडली, की फेजचा दाब थेट बाह्यांगावर येतो. अशा वेळी त्या विजेला जमिनीकडे जाण्याचा सोपा मार्ग आधीच तयार असावा, माणसाच्या शरीरातून तिने जाऊ नये, यासाठी ही तिसरी तार.

शरीरातून किती वीज जाणे धोक्याचे, याचे आकडे लहान आहेत, आणि ते लहान आहेत हेच ध्यानात ठेवावयाचे. साधारण १ मिलिअँपिअर वीज मुंग्या आल्यासारखी जाणवते. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह टिकून राहिला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. कोरड्या त्वचेच्या माणसाचा एका हातापासून पायापर्यंतचा अवरोध ढोबळपणे दीड हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या शरीरातून दीडशे मिलिअँपिअर वाहतील. हात ओले आणि पाय ओल्या फरशीवर असतील तर याहून जास्त. शून्य बल्बमधून जाणारी वीजही माणसाला पुरेशी आहे, हे जुने वायरमन सांगतात ते अतिशयोक्तीने नव्हे.

थ्री-पिन प्लगची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड का असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. प्लग खोचताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, म्हणून. वीज येण्याआधी संरक्षण तयार आणि वीज जाईपर्यंत संरक्षण कायम, अशी ती योजना. हीच पिन पक्कडीने तोडून थ्री-पिन प्लग टू-पिनच्या सॉकेटमध्ये बसविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे प्लगच न लावता वायरीची दोन सोललेली टोके काडीने सॉकेटमध्ये खोचणे. उन्हाळ्यात भाड्याने आणलेल्या कूलरच्या बाबतीत हे दृश्य सर्रास दिसते.

जुन्या घरात अर्थिंग का नाही

कायद्याने ते पूर्वीपासून अपेक्षित होते. भारतीय विद्युत नियम १९५६ मध्ये ग्राहकाच्या जागेत अर्थचे टर्मिनल पुरवठादाराने द्यावे आणि धातूच्या बाह्यांगांचा जमिनीशी संपर्क असावा, अशी तरतूद होती. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत खांब उभे राहू लागले. नियम होता, पण घरातील गरज दिव्याची होती. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसविलेल्या दोन तारा, लाकडी बोर्ड, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि बेकेलाइटची बटणे यांत धातूचे उघडे अंग जवळजवळ नसेच. त्यामुळे तिसरी तार ओढण्याचा खर्च वायफळ वाटला, तर त्यात नवल नाही.

जेथे अर्थिंग केले गेले, तेथे ते बहुधा नळाच्या लोखंडी पाइपला तार गुंडाळून केले गेले. त्या काळी ते बऱ्यापैकी चालतही असे, कारण गावातील सलग लोखंडी जलवाहिनी जमिनीखाली दूरवर पसरलेली असे. पुढे गंजलेल्या पाइपच्या जागी पीव्हीसीचे पाइप आले. घरातील हिरवी तार जेथे होती तेथेच राहिली, नळही तोच राहिला. मात्र नळाच्या आणि जमिनीच्या मध्ये प्लास्टिक आले आणि अर्थिंग त्या दिवशी संपले. घरमालकाला त्याचा पत्ता लागला नाही. आता अशा घरात फ्रीजच्या बाह्यांगात वीज उतरली, तर ती हिरव्या तारेतून नळापर्यंत येते आणि पुढे वाट नसल्याने तेथेच थांबते. ओल्या मोरीत उभे राहून नळ सोडणाऱ्याला झटका बसतो आणि दोष नळाला दिला जातो. पाण्याच्या वाहिनीवर अर्थिंगसाठी विसंबू नये, असा आजच्या मानकांचा दंडक आहे, तो यामुळेच.

दुसरा एक आधार असाच फसवा आहे. खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरला तोलून धरणारी जी.आय. तार अर्थ म्हणून वापरली जाते. वाऱ्याने वायर घासून तिचे आवरण झिजले, की हीच आधाराची तार विजेने भारली जाते, आणि ती घराच्या अर्थिंगला जोडलेली असेल तर प्रत्येक उपकरणाच्या अंगावर फेज येऊन बसतो.

न्यूट्रलचा शॉर्टकट

याहून घातक आणि दुर्दैवाने याहून अधिक आढळणारा प्रकार स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. घरात अर्थिंगची तार नाही, नव्या कूलरला थ्री-पिन हवी, तेव्हा सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या खिळीपासून अर्थच्या खिळीपर्यंत एक इंचभर तार जोडली जाते. टेस्टर लावला तर अर्थ ठीक दिसतो, दिवा लावून पाहिला तर तोही लागतो. करणाऱ्याचा युक्तिवाद असा, की रोहित्रापाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच असतो, मग येथे जोडला तर काय बिघडले?

बिघडते ते न्यूट्रल तुटल्यावर. खांबावरील जोड सैल झाला, मीटरमागची खिळी कार्बन धरून बसली किंवा न्यूट्रलच्या किटकॅटमधील तार वितळली, तर घरातील दिवे विझतात. घरातला माणूस वीज गेली असे समजतो. प्रत्यक्षात फेज तसाच असतो. तो चालू राहिलेल्या पंख्याच्या गुंडाळीतून न्यूट्रल तारेत येतो, न्यूट्रलमधून त्या इंचभर तारेने अर्थच्या पिनेत आणि तेथून कूलरच्या पत्र्यावर. उपकरण बंद, घर अंधारात, आणि पत्रा २३० व्होल्टवर. जुन्या घरात फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडले जाण्याचे प्रकारही पुष्कळ होतात. तसे झालेल्या सॉकेटमध्ये ही जोडतार असली, तर प्लग खोचताक्षणी बाह्यांग थेट फेजला जोडले जाते. त्यासाठी काही तुटण्याचीही गरज नाही. ज्या सॉकेटला अर्थ नाही ते सॉकेट निदान प्रामाणिक असते. न्यूट्रलला जोडलेले सॉकेट संरक्षणाच्या रूपाने धोका पुरविते. घरातील कोणत्याही एका गोष्टीची आजच तपासणी करावयाची असेल, तर ती हीच.

काळी जमीन आणि कूलरचे महिने

आता खास आपल्या भागाचा प्रश्न. पूर्णा नदीच्या काठचा आणि गोदावरीच्या खोऱ्यातील हा परिसर भारी काळ्या जमिनीचा आहे. खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळ्या मातीतील चिकणद्रव्य पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. पावसाळ्यात ही माती विजेला जितकी चांगली वाट देते तितकी क्वचितच दुसरी कोणती देत असेल. उन्हाळ्यात चित्र पालटते. भेगा पडतात, त्या हातभरच नव्हे तर कमरेइतक्या खोल जातात, आणि मातीत पुरलेल्या पाइपपासून माती बाजूला सरकते. पाइप आणि माती यांच्यामध्ये हवेची फट पडली, की तेवढ्या भागापुरता अर्थिंगचा उपयोग संपला.

हिशेब करून पाहू. चाळीस मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा पाइप उभा पुरला आहे. ओल्या काळ्या मातीचा विशिष्ट अवरोध १० ओहम-मीटर धरला, तर या पाइपचा जमिनीशी अवरोध सुमारे साडेतीन ओहम येतो. माती सुकून हाच आकडा दसपट झाला, तर अवरोध पस्तीस ओहम होतो. फटीमुळे जी भर पडेल ती वेगळी.

मे महिना आहे, पारा चाळिशी ओलांडून गेला आहे, कूलर दिवसरात्र चालू आहे आणि त्याच्या पंपात बिघाड होऊन फेज पत्र्याला टेकला आहे. घराच्या अर्थिंगचा अवरोध पस्तीस ओहम आणि रोहित्रापाशी असलेल्या अर्थिंगचा दोन ओहम समजू. २३० भागिले ३७, म्हणजे सुमारे सहा अँपिअर वीज जमिनीतून वाहील. सोळा अँपिअरची एमसीबी एवढ्याने पडणार नाही, कधीच नाही. सहा अँपिअरचीही बहुधा पडणार नाही. किटकॅटमधील तार वितळणार नाही, मग त्यात जाड तार गुंडाळलेली असेल तर बोलायलाच नको. आणि कूलरच्या पत्र्यावर दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब कायम राहील. जुलै महिन्यात, साडेतीन ओहमला, याच बिघाडात चाळीस अँपिअरच्या घरात वीज वाहिली असती. सहाची एमसीबी काही सेकंदांत पडली असती, सोळाची मात्र तेव्हाही अर्धा मिनिट घेऊ शकली असती.

सारांश, अर्थिंग आहे म्हणून वीज आपोआप बंद होईल ही समजूत पावसाळ्यातही अर्धीच खरी आहे आणि उन्हाळ्यात मुळीच खरी नाही. कूलर वापरला जातो नेमका त्याच महिन्यांत पूर्णेची जमीन सर्वांत कोरडी असते. पुस्तकांत आणि कंत्राटदारांच्या कागदांवर अर्थिंगचा अवरोध एक आकडा म्हणून लिहिलेला असतो. आपल्याकडे तो वर्षभरात पायऱ्या चढतो आणि उतरतो. मोजणी पावसाळ्यात केली असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. मोजायचे ते एप्रिल-मे महिन्यांत.

आरसीसीबी

हा पेच सोडविणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. फेजमधून जितकी वीज जाते तितकीच न्यूट्रलमधून परत येते आहे ना, एवढेच ते सतत तपासते. फरक पडला याचा अर्थ वीज तिसऱ्या कोणत्या तरी वाटेने, पत्र्यातून किंवा माणसातून, जमिनीत चालली आहे. घरगुती वापराची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडते, आणि मोठी गळती असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात.

वरच्या उदाहरणात ही आरसीसीबी असती तर? गळती सहा अँपिअरची, म्हणजे तिच्या मर्यादेच्या दोनशेपट. कूलरच्या पत्र्याला कोणाचा हात लागण्यापूर्वीच वीज बंद झाली असती. अर्थिंगचा अवरोध शंभर ओहमपर्यंत चढला तरी ३० मिलिअँपिअर गळतीला बाह्यांगावर तीन व्होल्टच येतात, आणि त्यापुढे आरसीसीबी पडतेच. काळ्या जमिनीच्या उन्हाळी लहरीपणावर हा उतारा आहे. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एकीच्या बदल्यात दुसरी नव्हे.

ज्या घरात अद्याप तिसरी तार नाही आणि लगेच ओढणे शक्य नाही, तेथे निदान आरसीसीबी तरी बसवावी. अर्थिंगवाचून ती बिघाड होताच पडणार नाही, माणसाचा स्पर्श झाल्यावर पडेल. झटका बसेल, पण तो क्षणभरच टिकेल. एक मर्यादा मात्र सांगणे आवश्यक आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला गेला, तर आरसीसीबीला तो माणूस बल्बसारखाच वाटतो. तसेच जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास ती पडत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळी हवीच.

जुन्या घरात आरसीसीबी बसविली आणि ती वारंवार पडू लागली, की वायरमन ती ‘सूट होत नाही’ असे सांगून काढून टाकतात. ती पडते याला कारण असते: कोठेतरी न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो, ओल्या भिंतीतून गळती असते किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल मुख्य न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. माळवदाच्या घरात पावसाळ्यात छत झिरपून जुन्या रबरी आवरणाच्या तारा भिजतात, तेव्हा हे हमखास होते. आरसीसीबी अशा वेळी घरातील दोष दाखवीत असते. दोष शोधून काढावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि वेळ कोणालाच नसतो, ही खरी अडचण.

प्रत्यक्ष काम

वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यावे, असे नियम सांगतात. पूर्वीचे १९५६ चे नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम प्रथम २०१० मध्ये आणि नंतर सुधारून २०२३ मध्ये लागू झाले; त्यांतही ही अट कायम आहे. पुढील माहिती स्वतः हात घालण्यासाठी दिलेली नाही. आपल्या घरी चाललेले काम नीट होते आहे की नाही, हे घरमालकाला कळावे, यासाठी आहे.

खड्डा भिंतीपासून किमान दीड मीटर अंतरावर घ्यावा. दगड-मातीच्या भिंतीचा पाया उथळ असतो आणि त्याला चिकटून खोल खड्डा घेणे विजेच्या नव्हे, तर घराच्याच दृष्टीने धोक्याचे. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक, आय.एस. ३०४३, पाइपच्या अर्थिंगसाठी किमान ३८ मिलिमीटर आतील व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाइप सांगते. काळ्या जमिनीत यापेक्षा लांबी वाढवावी, व्यास नव्हे. वरची माती उन्हाळ्यात सोडून देणारच आहे. पाइपचे खालचे टोक बारमाही ओल असलेल्या थरात पोचले पाहिजे. मुरूम लवकर लागत असेल तर एका खोल पाइपऐवजी दोन पाइप घेऊन ते एकमेकांना जोडावेत. त्यांच्यातील अंतर निदान एका पाइपच्या लांबीइतके असावे. जवळजवळ पुरलेले दोन पाइप मातीच्या एकाच थराचा उपयोग करतात आणि दुसऱ्याचा खर्च वाया जातो.

कोळसा आणि मिठाचे थर देण्याची रीत सर्वत्र आहे. कोळसा ओल धरून ठेवतो, त्याचा उपयोग होतो. मिठाबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. मीठ पाण्याबरोबर वाहून जाते, जाता जाता पाइप गंजविते, आणि भारी काळ्या मातीत ओल असेल तर मिठावाचून काम भागते. अलीकडे बेंटोनाइट भरण्याची शिफारस होते. ते चांगले आहे, पण बेंटोनाइट ही काळ्या मातीच्याच कुळातील चिकणमाती आहे, म्हणजे तीही वाळली की आकसणार. तेव्हा भराव कोणताही असो, पाइपच्या तोंडाशी नरसाळे आणि वर झाकणाची विटांची चौकट बांधून घ्यावी, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून एकदोनदा तेथे पाणी ओतावे. मोरीचे किंवा कूलरचे निघालेले पाणी तिकडे वळविले तरी चालते. पाणीटंचाईच्या गावात अर्थिंगला पाणी घाला, असे सांगणे विचित्र वाटेल, बादलीभर पुरते.

खड्ड्यापासून घरातील मुख्य बोर्डापर्यंत आठ नंबरची जी.आय. तार किंवा तांब्याची पट्टी आणावी. जोड नुसता पीळ देऊन करू नये. तो नटबोल्ट आणि वॉशरने घट्ट आवळलेला असावा व दिसेल अशा जागी असावा. मुख्य बोर्डापासून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरव्या आवरणाची तांब्याची तार न्यावी: सहा अँपिअरच्या सॉकेटला दीड चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला फेजच्या तारेइतकीच जाड. मातीच्या भिंती फोडण्याची गरज नाही. जुन्या लाकडी पट्टीशेजारून पीव्हीसीची केसिंग पट्टी नेली तर भिंतही शाबूत राहते आणि तार डोळ्यांसमोर राहते. मात्र जुन्या रबरी किंवा ॲल्युमिनिअमच्या तारा तशाच ठेवून त्यांच्या शेजारी नवी अर्थची तार ओढणे, हे फाटक्या सदऱ्याला नवा खिसा लावण्यासारखे आहे. जेथे भार जास्त आहे तो भाग तरी फेज-न्यूट्रलसह बदलून घ्यावा. पत्र्याच्या खोल्यांत पत्रा आणि त्याचे लोखंडी अँगल अर्थिंगला जोडावेत. पत्र्याच्या कडेवरून गेलेली वायर वाऱ्याने घासते, आणि पत्र्याला बांधलेली कपडे वाळत घालण्याची तार तो करंट थेट अंगणात आणते.

कूलरकडे वेगळे लक्ष द्यावे. स्थानिक पातळीवर तयार होणाऱ्या पत्र्याच्या कूलरला कित्येकदा दोनच तारांची वायर असते. अशा कूलरला घरातील उत्तम अर्थिंगचाही उपयोग नाही. तीन तारांची वायर घालून तिची हिरवी तार पत्र्याला रंग खरवडून, स्क्रू आणि वॉशरने आवळून घ्यावी, आणि पंपाच्या वायरीचा जोड टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. टाकीत पाणी भरताना प्लग काढूनच ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या घरात ते बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसविलेले असू शकते.

तपासणी

फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून पाहण्याची चाल सार्वत्रिक आहे. दिवा लागला, अर्थिंग चांगले, असा निकाल दिला जातो. या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. अर्थिंगचा अवरोध पन्नास ओहम असला तरी दिव्याला २३० पैकी दोनशेच्या वर व्होल्ट मिळतात आणि तो डोळ्यांना पूर्ण उजेडाचाच वाटतो. दिवा मुळीच लागला नाही तर अर्थिंग नाही, एवढेच या चाचणीवरून कळते. लागला तर काहीच कळत नाही. न्यूट्रलला जोडलेल्या खोट्या अर्थवर तर तो झकास लागतो. अवरोध मोजण्यासाठी अर्थ-टेस्टर हे यंत्र लागते. त्यात जमिनीत ठरावीक अंतरावर दोन खुंट्या ठोकून मोजणी केली जाते. कंत्राटदाराकडून हा आकडा तारखेसह लिहून घ्यावा आणि मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवावा. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर आरसीसीबी बदलावी. हे बटण आरसीसीबीचीच परीक्षा घेते, अर्थिंगची नव्हे.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न जुन्या गल्ल्यांत नेहमी निघतो. विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन झाल्यापासून आपल्याकडील वितरण महावितरण कंपनीकडे आहे. खांब, रोहित्र आणि मीटरपर्यंतची तार कंपनीची. मीटरच्या पुढचे सारे ग्राहकाचे. दिवे अचानक काही घरांत फार तेज आणि काही घरांत मंद होऊ लागले, तर न्यूट्रल तुटल्याची ती खूण असते. अशा वेळी मुख्य स्विच ताबडतोब बंद करावा आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कंपनीचा माणूस येईपर्यंत तो चालू करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल सुटला तर एखाद्या घरात चारशे व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो.

जुने माळवद उतरवून त्या जागी नवे घर बांधण्याचे ज्यांनी ठरविले आहे, त्यांना एक सोय आयती मिळते. पाया खोदला जातो तेव्हा तो पुष्कळदा भारी मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत न्यावाच लागतो. त्या पायातील सळया एकमेकींना जोडून त्यांचे एक टोक जोत्याच्या वर काढून ठेवले, तर भेगांपासून दूर राहणारे अर्थिंग घराबरोबरच तयार होते. गवंड्याला आणि वायरमनला त्या एका दिवशी एकत्र बोलवावे लागते. काँक्रीट पडून गेल्यावर ती संधी राहत नाही.